गुरुवार, रस आणि चोथा

उपास असला की पोह्यांत मीठ पडलंय का ते चाखून बघता येत नाही. हे माझ्या लक्षात आलं पहिल्या गुरुवारी, सकाळी सव्वासहाला. नवऱ्याचा डबा, मुलाचा डबा, गॅसवर पोह्यांची फोडणी आणि बाजूला माझा पहिला पेला: गाजर, बीट, आवळा आणि आल्याचा तुकडा. कढईतून मोहरी-हिंगाचा वास येत होता आणि मी पेल्याकडे बघून स्वतःला सांगत होते की फक्त छत्तीस तास. त्या दिवशी पोहे अळणी झाले. मुलाने संध्याकाळी डबा परत आणला आणि म्हणाला, "आई, उपास तुझा होता ना?"

जानेवारीत बँकेतल्या तपासणी शिबिरात माझं रक्त तपासलं होतं. वय 46, वजन 71.4 किलो, तीन महिन्यांची साखर सांगणारा आकडा 6.1, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 212. आमच्या डॉक्टरांनी कागद बघून शांतपणे सांगितलं, 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, अजून आत गेला नाहीत. रोज चाला, रात्रीचं जेवण लवकर घ्या, वजन चार-पाच किलोने उतरवा. रसाचं त्यांनी नाव काढलं नव्हतं. ते मी स्वतः शोधून काढलं.

म्हणजे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. नाशिकच्या आमच्या भागातल्या जॉगिंग ट्रॅकच्या दारात सकाळी रसाची गाडी लागते. स्टीलचे डबे ओळीने मांडलेले आणि त्यांवर पाट्या: दुधी, कारलं, कोहळा, आवळा, गव्हांकुर. प्रत्येक पाटीखाली तो कशावर चालतो तेही लिहिलेलं. हृदयापासून केस गळण्यापर्यंत एकही अवयव सुटलेला नाही. पहिली फेरी मारायच्या आधीच लोक रांगेत असतात. त्यात बँकेतल्या आमच्या टेबलावर दोन पक्ष आधीपासूनच होते. एक दीक्षितवाल्यांचा, म्हणजे दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवून मोकळं व्हायचं. दुसरा दर दोन तासांनी थोडं थोडं खाणाऱ्यांचा. त्यांच्या ड्रॉवरमध्ये शेंगदाण्याची डबी असते. मला दोन्ही जमत नव्हतं. आठवड्यातून एकच दिवस, पण पक्का, हे मात्र जमेल असं वाटलं. एका मावशीचा दाखलाही डोक्यात होता. ती पूर्वी दहा दिवस उरळी कांचनला राहून आली होती, गांधीजींनी 1946 मध्ये सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमात, आणि चेहऱ्यावर तुकतुकी घेऊन परतली होती. तिथे तिचा रक्तदाब रोज बघत, हा भाग ती नेहमी सांगायची. मी तो नेहमी विसरायचे.

वार गुरुवार निवडला, कारण घरात तो आधीच उपासाचा होता. सासूबाई चाळीस वर्षं दत्ताचा गुरुवार करतात. मला वाटलं, एकाच दिवशी दोघींचं झालं की स्वयंपाकघर सुटसुटीत होईल. हा माझा सगळ्यात मोठा गैरसमज. त्यांची साबुदाण्याची खिचडी एका शेगडीवर, डब्याच्या पोळ्या दुसरीवर आणि ओट्याच्या उरलेल्या हातभर जागेत माझा नवा कोल्ड प्रेस ज्यूसर. तेरा हजारांना घेतला होता. दुकानातल्या मुलाने त्यात गाजर घालून दाखवलं तेव्हा यंत्र गाईसारखं संथ रवंथ करत होतं, ते मला फार आवडलं होतं. त्याची चाळणी धुवायची कशी, ते त्याने दाखवलं नाही. चाळणीच्या भोकांत गाजराचा चोथा असा बसतो की तो ब्रशने एकेक भोक धरून काढावा लागतो. रस प्यायला दोन मिनिटं, यंत्र घासायला पंचवीस. आमच्या कामाच्या बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात सांगून टाकलं, "ताई, भांडी कितीही टाका, पण हे यंत्र मी धरणार नाही."

माझा बेत असा होता. बुधवारी रात्री आठला जेवण. गुरुवारी उठल्यावर कोमट पाणी, मग सातला, साडेबाराला, चारला आणि सातला एकेक पेला रस. दुपारचे दोन स्टीलच्या बाटलीतून बँकेत न्यायचे. शुक्रवारी सकाळी आठला मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वर तूप. एकूण छत्तीस तास.

पहिल्या गुरुवारी भुकेने काही केलं नाही. डोक्याने केलं. दुपारी तीनला कपाळ असं ठणकायला लागलं की समोरच्या खातेदाराची सही मी दोनदा ताडून बघितली. मी ते "शरीरातली घाण बाहेर पडतेय" म्हणून सहन केलं, कारण तसंच ऐकलं होतं. घाण-बिण काही नव्हती. रोज चार कप चहा पिणारी बाई अचानक चहा बंद करते तेव्हा डोकं दुखतंच, कॅफिनची सवय तुटली म्हणून. तिसऱ्या गुरुवारी सकाळी एक कप कोरा चहा घेतला आणि डोकं पुन्हा कधी दुखलं नाही.

दुसऱ्या गुरुवारी मी बँकेच्या स्वच्छतागृहात घाबरून उभी होते. लघवी लाल झाली होती. पाच मिनिटं मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. मग बीट आठवलं. बिटाचा रंग काही जणांच्या लघवीत तसाच उतरतो, त्यात काळजीचं काही नसतं. घरी सांगितल्यावर मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला.

भुकेबद्दल मात्र मला नवं काही कळलं. ती चढत जाते असं मी समजत होते, दर तासाला थोडी थोडी, पाणी भरत जावं तशी. तशी ती नाही. ती घड्याळाप्रमाणे येते. सव्वाअकराला, म्हणजे आमची चहाची वेळ, दीडला आणि संध्याकाळी साडेसहाला. येते, वीस-पंचवीस मिनिटं पोटात घर करते आणि आपण काही केलं नाही तरी निघून जाते. रात्री नऊला मला दुपारपेक्षा कमी भूक असायची. सगळ्यात कठीण वेळ साडेसहाचीच, कारण तेव्हा मी इतरांसाठी भाजी फोडणीला टाकत असायचे. लसूण तडतडत असताना मला चौथ्या पेल्यातला हिरवा रस बघवत नसे. सहाव्या आठवड्यात नवऱ्याने "गुरुवार संध्याकाळ माझी" म्हणून जाहीर केलं. त्याला पिठलं आणि भात एवढंच येतं. दर गुरुवारी पिठलं-भात झाला आणि कोणी तक्रार केली नाही.

शुक्रवारी सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं सुख मी नाकारत नाही. पहिल्याच शुक्रवारी 71.4 वरून 69.8. एका दिवसात दीड किलोच्या वर! मी बँकेत सांगत सुटले. रविवारी पुन्हा 71.2. दुसऱ्या आठवड्यातही तेच. उतरलेलं गेलं कुठे, ते मला डॉक्टरांनीच समजावलं. यकृतात साखरेचा साठा असतो, साधारण शंभर ग्रॅम. एक दिवस कमी खाल्लं की तो वापरला जातो आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर बांधलेलं तीनेक ग्रॅम पाणीही निघून जातं. पोटात अन्न नाही, आतड्यात चोथा नाही, त्याचंही वजन कमी. खिचडी खाल्ली की सगळं परत जागेवर. चरबी त्या दिवसात जळते ती थोडीशी, काट्याला दिसणारही नाही इतकी.

याच सुमारास कुटुंबाच्या ग्रुपवर एक मजकूर आला. छत्तीस तास उपाशी राहिलं की पेशी स्वतःतला कचरा खाऊन टाकतात, जपानी शास्त्रज्ञाला यासाठीच नोबेल मिळालं, आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं, वगैरे. मी तो मोठ्या दिमाखात मुलाला दाखवला. तो अकरावी विज्ञानला आहे. म्हणाला, "ओसुमी. 2016. पण त्यांनी ते यीस्टवर शोधलं, आई. पावातलं यीस्ट." पेशींची ती साफसफाई माणसातही चालते, पण गुरुवारी माझ्यात किती चालते हे ग्रुपवर कोणी मोजलेलं नव्हतं. "आणि," तो पुढे म्हणाला, "तू तर दिवसभर द्राक्षांचा रस पितेस. उपाशी कुठेयस?"

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. फेब्रुवारीत नाशिकमध्ये राहून द्राक्षं टाळायची म्हणजे कोकणात राहून नारळ टाळण्यासारखं. परदेशी पाठवताना बाजूला काढलेली द्राक्षं पेटीने दारात येतात. मी भाज्यांच्या रसाला चव यावी म्हणून आधी एक मूठ घालायचे, मग दोन, मग अख्खा पेलाच द्राक्षांचा. दुसरा मोसंबीचा, पाच मोसंबी पिळून. अख्खी पाच मोसंबी मी एका बैठकीत कधी खाल्ली असती? दोन झाली की पोट भरतं. पिळली की पाचही दोन मिनिटांत पोटात, आणि पोट भरवणारा गर कचऱ्याच्या डब्यात. द्राक्षांच्या एका पेल्यात साधारण 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे सात चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेबद्दल जो सल्ला दिला त्यात फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेतच धरली आहे, आणि मोठ्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत राहा म्हटलंय. माझं ते दीड पेल्यातच संपत होतं. चहात साखर नको म्हणणारी मी, उपासाच्या दिवशी चमच्याने खाल्ल्यासारखी साखर पीत होते. उंबरठ्यावर उभी राहून दार आतून ढकलत होते म्हणा.

चोथ्याचंही सांगते, कारण तो फेकणं माझ्या जिवावर यायचं. चार पेल्यांमागे मोठं पातेलंभर चोथा. गाजराचा थालीपिठात गेला, दुधीचा मुठियांत, बिटाचा कटलेटमध्ये. तिसऱ्या शुक्रवारी गुलाबी थालीपीठ बघून मुलाने ताट सरकवलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे रस तू प्यायचा आणि चोथा आम्ही खायचा!" मी हसण्यावारी नेलं. नंतर विचार केला तर पौष्टिक अर्धं खरोखर त्यांच्याच ताटात जात होतं.

त्यांच्या साबुदाण्याला मी मनातून हसत असे, हेही कबूल करते. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण काही उगाच आली नाही. आणि गंमत म्हणजे साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, सगळे पोर्तुगीज जहाजांच्या काळात अमेरिका खंडातून आलेले. हळद मात्र इथलीच, ती उपासाला चालत नाही. कोथिंबीर आमच्याकडे चालते, माझ्या माहेरी चालत नाही. का, ते दोन्ही घरांत कोणाला सांगता येत नाही. असं सगळं मी बँकेत रंगवून सांगायचे. माझा उपास शास्त्रीय, त्यांचा सवयीचा, असा एक सूर त्यात असायचा. तो सूर मार्चमधल्या एका गुरुवारी उतरला.

त्या दिवशी मला सुट्टी होती. सासूबाई सकाळी म्हणाल्या, "आज मीही खिचडी नाही खात. तुझंच ते हिरवं पाणी दे." मला इतका आनंद झाला की मी त्यांना पालक, काकडी, पुदिन्याचा मोठा पेला काढून दिला. त्या 74 वर्षांच्या आहेत, मधुमेह पंधरा वर्षांचा. सकाळची गोळी त्यांनी नेहमीसारखी घेतलेली. अकराच्या सुमारास पोथी वाचता वाचता त्यांचा आवाज थांबला. बघते तर कपाळावर घाम, हात थरथरतोय, आणि माझ्याकडे बघून विचारतायत, "तू बँकेत नाही गेलीस?" तासाभरापूर्वीच आम्ही यावर बोललो होतो. साखर मोजायचं यंत्र घरात होतं. आकडा आला 58.

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, 79. मग दूध-बिस्किट. अर्ध्या तासात त्या नेहमीसारख्या बोलायला लागल्या. माझे हात मात्र दुपारपर्यंत थरथरत होते. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते पहिल्यांदाच चिडलेले ऐकले. सासूबाईंची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी आहे. माणूस जेवलाय की नाही हे तिला कळत नाही, ती तिचं काम करत राहते. एवढी वर्षं साबुदाणा त्या गोळीला खाऊ घालत होता. ज्या खिचडीला मी हसत होते तीच दर गुरुवारी त्यांना सांभाळून नेत होती, अर्थात जेवणानंतरची साखर वर चढवतच. आता त्यांचा गुरुवार डॉक्टरांना विचारून बसवलाय. गोळीचं प्रमाण त्या दिवसासाठी त्यांनीच ठरवून दिलं, खिचडीऐवजी वाटीभर भगर, दाण्याची आमटी आणि दही, आणि चारला पेरू किंवा राजगिऱ्याचा लाडू. उपास मोडला नाही हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं.

त्याच फोनमध्ये डॉक्टरांनी मला विचारलं, "आणि तुम्ही त्या रसात घालता काय काय?" मी यादी सांगितली. कच्चा पालक म्हटल्यावर ते थांबले. माझ्या वडिलांना दोनदा मुतखडा झालेला, हे त्यांना माहीत होतं. पालकात ऑक्झलेट, म्हणजे ज्याने खडे होऊ शकतात ते, भरपूर. भाजीत आपण खाऊन किती खाणार, पण रसासाठी अख्खी जुडी जाते. पालक त्या दिवशी बंद.

द्राक्षं बंद, मोसंबी बंद, पालक बंद. राहिला दुधी. एप्रिलमध्ये चार आठवडे मी दुधीवर काढले. चौथ्या वेळी पहिला घोट जिभेवर पडताच कडू लागला. कारल्याचा कडूपणा असतो तसा नाही, जीभ मागे ओढणारा. मी थुंकलं आणि पेला बेसिनमध्ये ओतला. हे शहाणपण माझं नव्हे. ट्रॅकवर रोज भेटणारे एक निवृत्त शिक्षक पहिल्याच दिवशी बजावून गेले होते: दुधी चिरला की आधी फोड चाटून बघायची. 2010 मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ दुधी-कारल्याचा कडू रस पिऊन दगावले. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने हेच सांगितलं, की कडू दुधीचा रस मुळीच प्यायचा नाही आणि दुधीच्या रसात दुसरा रस मिसळायचा नाही. मिसळला की कडूपणा कळत नाही. मी त्या दिवशी फोड चाटली नव्हती, घाईत होते. मिसळला नव्हता म्हणून घोटावर निभावलं. गाडीवर मात्र दुधी-कारलं मिक्स हा सगळ्यात जास्त खपणारा पेला आहे. मी त्या गाडीवाल्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "ताई, कडू असतं तेच औषध."

एप्रिलअखेर रक्त पुन्हा तपासलं. वजन 69.6, खरंखुरं, रविवारचं. ट्रायग्लिसराइड 171. तीन महिन्यांची साखर 6.0. पंधरा गुरुवार करून एका दशांशाचा फरक! मला रडू यायचं बाकी होतं. डॉक्टर म्हणाले, वजन आणि चरबी उतरली ती रोजच्या चालण्याने आणि आठच्या आत जेवायला लागलात त्याने. रस काढून टाका, उपास हवा तर ठेवा.

मी तसंच केलं. आता बुधवारी रात्री आठला जेवते आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला उपास सोडते. मध्ये पाणी, कोरा चहा, दुपारी पेलाभर पातळ ताक, सैंधव आणि जिरं घालून. सोडताना ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, काकडीची कोशिंबीर. अख्खी काकडी, सालासकट. ऑफिसला जड काम असेल किंवा पाळीचे दिवस असतील तर तो गुरुवार सोडून देते. पूर्वी असा सोडला की मला अपराधी वाटायचं, शुक्रवारी त्याची भरपाई करायचे. सासूबाईंनी एकदा सहज विचारलं, "तुझा कोणत्या देवाचा आहे? नाही ना? मग कोण रागावणारे?"

मे महिन्यात आमरस झाला. नेमका गुरुवारीच, कारण नवऱ्याने पेटी बुधवारी आणली आणि आंबे थांबायला तयार नव्हते. सासूबाईंनी वाटी माझ्यापुढे सरकवली. मी म्हटलं, "अहो आई, उपास आहे."

"मग? जानेवारीपासून रसच पितेयस ना? हाही रसच."

मी दोन वाट्या खाल्ल्या.

ज्यूसर दोन महिने माळ्यावर होता. परवा शेजारच्या वहिनी विचारत आल्या, त्यांना दर सोमवारी रसाचा उपास सुरू करायचाय, यंत्र घेण्याआधी आपलं वापरून बघू का? मी खाली उतरवून पुसून दिला. गोळ्या कोणत्या घेता ते आधी विचारलं, दुधीची फोड चाटून बघायला सांगितलं. त्यांनी पंधरा गुरुवारांचा अनुभव कसा होता म्हणून विचारलं. मी आत जाऊन चाळणीचा ब्रश शोधून आणला आणि म्हटलं, हा वेगळा ठेवा, हरवला तर ते भांडं घासलं जात नाही.